कोळंबीचा काटा आणि मालकाची जबाबदारी

मंडळी, तलावाच्या पाण्याची तपासणी आपण न चुकता करतो. हार्वेस्टिंगला साबण आणि जाड हातमोजे ठेवायचे मात्र राहून जातात. कोळंबीच्या डोक्यावरचा काटा बोटात घुसला की भोक बारीक दिसतं, पण घाण खोल जाते. हळद-चुना थापू नका. साबणाने, वाहत्या स्वच्छ पाण्यात धुवा, कोरडी पट्टी बांधा. धनुर्वाताच्या इंजेक्शनला ५ वर्षं झाली असतील तर पुन्हा घ्या. निमखाऱ्या पाण्यात व्हिब्रिओ जंतू असतात. मधुमेह किंवा लिव्हरचा आजार असणाऱ्यांना धोका जास्त. सूज चढली, फोड किंवा ताप आला तर लगेच दवाखाना गाठा, कोळंबी लागल्याचं डॉक्टरांना सांगा. माझं मत स्पष्ट आहे: हातमोज्यांचा खर्च मजुराचा नाही, तलाववाल्याचा.