लायसन्स तिचं, पत्ता कुणाचा?

आमच्या सल्ला केंद्रात एखादी बाई पहिल्यांदा येते तेव्हा तिला विचारायचे काही प्रश्न ठरलेले आहेत. रेशनकार्ड कुणाकडे आहे? दागिने कुणाच्या ताब्यात आहेत? मुलांचे जन्मदाखले, बँकेचं पासबुक कुठे ठेवलंय? घर सोडून निघालेल्या बाईच्या हातात बहुतेक वेळा एक पिशवी आणि एक मूल एवढंच असतं, म्हणून हे प्रश्न. गेली दहा-अकरा वर्षं मी ते विचारते आहे. पण ‘गाडी चालवायचं लायसन्स आहे का, आणि ते कुठे आहे?’ असं मी एकाही बाईला कधी विचारलं नव्हतं. लायसन्स ही पुरुषाच्या पाकिटात असायची वस्तू, हे माझ्याही डोक्यात कुठेतरी पक्कं बसलेलं होतं. वास्तविक माझं स्वतःचं लायसन्स मी कॉलेजात असतानाच काढलं. बाबांची स्कूटर होती, बाबांचा पत्ता होता, फॉर्मवर बाबांचं नाव होतं. कुठेच अडलं नाही, म्हणून काही दिसलंही नाही.

ते दिसलं केंद्रात येणाऱ्या एका मैत्रिणीमुळे. वय चौतीस, दोन मुलं. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून दोन वर्षांपूर्वी ती आईकडे राहायला आली. सासर आणि माहेर दोन्ही उपनगरातच, लोकलची चार स्टेशनं मध्ये. सकाळी तीन घरची पोळी-भाजी करते आणि दुपारी डबे पोचवते. डबे वाढले तशी रिक्षाचं भाडं परवडेना. डब्यांच्या पिशव्या घेऊन बसमध्ये चढणं किती कठीण, हे ज्यांनी केलंय त्यांनाच ठाऊक. शेजारणीची विनागिअरची स्कूटर दुपारी रिकामी उभी असायची. तिने ठरवलं, लायसन्स काढायचं.

जून २०२१ पासून महाराष्ट्रात शिकाऊ लायसन्स घरबसल्या काढता येतं. आधार नंबर टाकायचा, मोबाइलवर आलेला आकडा भरायचा आणि संगणकावरच परीक्षा द्यायची. कार्यालयाच्या रांगा टळल्या, एजंटांची मक्तेदारी थोडी सैल झाली. ही चांगलीच गोष्ट झाली, यात शंका नाही. आमची मैत्रीण सायबर कॅफेत गेली, आधार नंबर टाकला आणि थांबली. आकडा आला तो नवऱ्याच्या मोबाइलवर! लग्नानंतर आधार काढताना नंबर त्याचा दिलेला होता, तिच्याकडे तेव्हा मोबाइलच नव्हता. संध्याकाळी तिच्या भावाला फोन आला, “तुझी बहीण काय उद्योग करते आहे, विचार जरा.”

हा एकट्या तिचा प्रश्न नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, स्वतः वापरते असा मोबाइल असलेल्या स्त्रियांचं प्रमाण देशात सुमारे ५४ टक्के निघालं. म्हणजे जवळजवळ निम्म्या बायकांच्या बाबतीत ‘घरबसल्या’ याचा अर्थ ‘घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून’ असा होतो. ज्या घरातून बाई बाहेर पडली आहे, तिथे तिच्या प्रत्येक अर्जाची वर्दी आधी नवऱ्याला मिळते.

तिने आधार केंद्रावर जाऊन स्वतःचा नंबर जोडून घेतला. त्यासाठी कुणाची सही लागत नाही, कागद लागत नाहीत, बोटांचे ठसे पुरतात. मैत्रिणींनो, एवढी एक गोष्ट प्रत्येकीने आजच्या आज करून टाकावी. पत्ता मात्र सासरचाच राहिला. तो बदलायला पुरावा हवा, आणि खोली होती आईच्या नावावर.

मग परीक्षा. कॅफेवाला म्हणाला, “ताई, तुम्ही बसा नुसत्या, पाचशे द्या, मी करून देतो.” तिने नकार दिला. रस्त्यावर गाडी मी चालवणार, मग खुणा मलाच कळायला नकोत का, असं तिचं म्हणणं. आठ दिवस मुलाच्या वहीत चिन्हं काढून पाठ केली आणि मराठीतून परीक्षा दिली. पास झाली. शिकाऊ लायसन्स मिळाल्यावर पक्क्यासाठी निदान तीस दिवस थांबावं लागतं. त्या तीस दिवसांत सराव कुठे करायचा? मैदानावर सहा वाजता मुलांचं क्रिकेट सुरू होतं, म्हणून ती आणि शेजारीण पहाटे पाचला जायच्या. शेजारीण मागे बसून शिकवायची.

चाचणीच्या दिवशी रांगेत तिला तिघांनी विचारलं, “मिस्टर नाही आले बरोबर?” फॉर्म तपासणाऱ्याने विचारलं, “नवऱ्याचं नाव का नाही घातलं?” तिने वडिलांचं घातलं होतं. वडील वारून पंधरा वर्षं झाली. खरं तर तिला वाढवलं आईने, सांभाळते आहे तीही आईच. लायसन्सच्या सरकारी नमुन्यात एक रकाना आहे : ‘मुलगा/मुलगी/पत्नी’, आणि पुढे कुणाची ते. जरा लक्ष देऊन वाचा. पुरुषाला ‘कुणाचा मुलगा’ एवढंच विचारलं आहे. ‘कुणाचा पती’ हा पर्यायच नाही. लग्नाने पुरुषाची ओळख बदलत नाही, बाईची बदलते, असं तो कागद न बोलता सांगतो. ब्रेक दाबायला आणि सिग्नल पाळायला बाई कुणाची पत्नी आहे हे कळण्याची गरज काय? २०१६ च्या डिसेंबरात पासपोर्टचे नियम बदलले आणि आई किंवा वडील यांपैकी एकाचं नाव पुरेसं झालं. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये निर्णय घेतला की १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचं नाव लागेल. मग आज चाळिशीकडे झुकलेल्या बायकांनी काय करायचं?

ती पास झाली. पेढे घेऊन केंद्रात आली. आणि मग जे झालं त्यासाठी हा लेख लिहिते आहे.

लायसन्सचं कार्ड हातात मिळत नाही, टपालाने येतं. कुठल्या पत्त्यावर? अर्जावर जो आहे त्या. आधारवर सासरचा पत्ता होता, तोच अर्जात आला, आणि कार्ड सासरी पोचलं. दोन दिवसांनी नवऱ्याचा निरोप आला, “तुझं कार्ड माझ्याकडे आहे. पाहिजे असेल तर घरी येऊन घेऊन जा.”

त्या ‘घरी ये’चा अर्थ आपल्याला वेगळा सांगायला नको. पहाटे पाचला उठून, स्वतःच्या पैशांनी, स्वतःच्या हिमतीवर मिळवलेलं कार्ड तिला परत त्याच उंबऱ्याशी नेणारं आमिष झालं.

लायसन्स आधी कागदी पुस्तिकेचं होतं, मग प्लास्टिकचं झालं, मग त्यात चिप आली. केंद्राच्या १ मार्च २०१९ च्या अधिसूचनेने देशभर एकच नमुना ठरवला. चिप असलेलं किंवा नसलेलं, दोन्ही त्यात बसतं. कार्डावर रक्तगट असतो, अवयवदानाची इच्छा नोंदवता येते, अपघात झाल्यास कुणाला कळवायचं तो नंबरही देता येतो. इतका विचार केला गेला. नाव, फोटो, सही सगळं तिचं. पण ते कार्ड तिच्याच हातात पडेल याची काळजी कुणी घेतली नाही. हुशार कार्ड, पण टपाल कुणी घेतलं ते त्याला कळत नाही.

यावर अधिकाऱ्यांचं उत्तर काय असेल ते मला ठाऊक आहे आणि ते खोटं नाही. कार्ड टपालाने पाठवल्यामुळे पत्त्याची खात्री होते आणि खिडकीवरचे एजंट हटतात. मान्य. पण ही खात्री घर आणि माणूस एकच आहेत असं धरून केलेली आहे. लग्न झालेल्या, घर सोडलेल्या, वसतिगृहात किंवा आधारगृहात राहणाऱ्या बाईचं घर आणि तिचा कागदावरचा पत्ता एक असेलच असं नाही. आणि अशी बाई अपवाद नाही. उपनगरातल्या कुठल्याही कुटुंब सल्ला केंद्रात एक दिवस बसून पाहा.

सोयी अजिबात नाहीत असंही नाही. १९८९ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियम झाले तेव्हाच चौथ्या नियमात, पत्त्याचा पुरावा नसेल तर योग्य कारण असल्यास प्रतिज्ञापत्र घेता येईल अशी तरतूद ठेवली गेली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्यातल्या कुठल्याही परवाना कार्यालयात अर्ज करता येतो, नवऱ्याच्या भागातलंच कार्यालय गाठायची सक्ती नाही. २०१८ पासून डिजिलॉकरमधलं लायसन्स मूळ लायसन्साइतकंच ग्राह्य आहे. २०२३ पासून कुटुंबप्रमुखाच्या संमतीने आधारवरचा पत्ता बदलता येतो आणि कुटुंबप्रमुख आई असू शकते. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यातल्या कलम १९ खाली बाईच्या हक्काच्या वस्तू परत करण्याचा आदेश न्यायदंडाधिकारी देऊ शकतात. पण हे सगळं तिला कुणी सांगायचं? आम्हालासुद्धा एकेक करून शोधावं लागलं.

ती सासरी गेली नाही. म्हणाली, “राहू दे त्याच्याकडे. कार्डाने गाडी चालत नाही.” आधारला स्वतःचा नंबर जोडलेला होता म्हणून डिजिलॉकर उघडता आलं, आणि मोबाइलमधल्या लायसन्सवर ती डबे पोचवू लागली. मग आईच्या संमतीने आधारवरचा पत्ता बदलला, त्यानंतर लायसन्सवरचा. पुन्हा अर्ज, पुन्हा फी, पुन्हा दोन दिवसांची मजुरी बुडाली. दुसरं कार्ड आईच्या दारात आलं. अपघातात कळवायच्या नंबराच्या जागी तिने शेजारणीचा नंबर दिला आहे.

तिचं निभावलं, म्हणून प्रश्न मिटला असं म्हणता येत नाही. आपण काही गोष्टी मागायला हव्यात. कार्ड टपालाने नको असेल तर ओळख पटवून कार्यालयातून स्वतः घेण्याचा पर्याय अर्जातच असावा. पत्रव्यवहाराचा पत्ता वेगळा देता यावा आणि तो कार्डावर छापला जाऊ नये. ‘कुणाची पत्नी’ हा रकाना काढून टाकावा. आई, वडील किंवा कुणीच नाही, हे जिचं तिने ठरवावं. आणि सरावासाठी मोकळी, सुरक्षित जागा मिळावी.

कागदावर बाईचं नाव यावं म्हणून चळवळीने पूर्वीही भांडण केलं आहे. महाराष्ट्राचं पहिलं महिला धोरण १९९४ साली आलं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने घरातली सर्वांत मोठी प्रौढ स्त्री रेशनकार्डासाठी कुटुंबप्रमुख ठरली. रेशनकार्ड घरात लागतं. लायसन्स मात्र घराबाहेर पडायला लागतं, कदाचित म्हणूनच आपलं तिकडे उशिरा लक्ष गेलं.

आमच्या केंद्रातल्या प्रश्नांच्या यादीत आता एक प्रश्न वाढवला आहे. तुमच्या भागात बायकांना लायसन्स काढताना काय अनुभव आले, कुठे अडलं, काय तोड काढली, हे जरूर लिहून कळवा. निवेदन द्यायला जाऊ तेव्हा एका बाईची गोष्ट पुरणार नाही.