‘ग्रोइंग पेन्स’ : नाव वाढीचे, दुखणे कशाचे?

इंग्रजी जोडशब्दांची एक गंमत आहे. ‘वॉकिंग स्टिक’ म्हणजे चालणारी काठी नव्हे. चालताना आधाराला घ्यावयाची काठी. त्याच न्यायाने ‘ग्रोइंग पेन्स’ म्हणजे वाढत जाणारी वेदना नव्हे; वाढीमुळे होणारी वेदना. या शब्दप्रयोगाचे दोन अर्थ रूढ आहेत. लहान मुलांचे रात्रीचे पाय दुखणे हा मूळ अर्थ. नव्या संस्थेला आरंभी सोसाव्या लागणाऱ्या अडचणी हा लाक्षणिक. या दुसऱ्या अर्थासाठी मराठीत ‘बालारिष्टे’ हा समर्पक शब्द आहे. तो फलज्योतिषातून आला. अर्भकाच्या जिवावर बेतणारे ग्रहयोग म्हणजे बालारिष्ट. आपला शब्द सावध करतो, इंग्रजी शब्द निश्चिंत करतो. माझा आक्षेप आहे तो या निश्चिंतीवर.

वाढ आणि वेदना यांची सांगड वैद्यकात जुनी आहे. १८२३ साली दुशाँ या फ्रेंच वैद्याने वाढीच्या विकारांवर लिहिताना या दुखण्याचे वर्णन केले. पुढे नाव रुजले, पण त्यातील कार्यकारणभाव सिद्ध झाला नाही. पहिल्या वर्षात बाळाची उंची सुमारे २५ सेंटीमीटरने वाढते, त्या काळात ही तक्रार नसते. वयात येताना उंची पुन्हा झपाट्याने वाढते, तेव्हा ती बहुधा ओसरू लागलेली असते. ती आढळते प्रामुख्याने ३ ते १२ वर्षांच्या दरम्यान, म्हणजे वाढ संथ लयीत चालू असताना. शिवाय दुखतात त्या पोटऱ्या, मांड्या, नडग्या आणि गुडघ्यांची मागील बाजू. हाडांची वाढ जेथे होते नेमक्या त्या जागा नव्हेत.

हे दुखणे खोटे मात्र नाही. २००४ साली दक्षिण ऑस्ट्रेलियात झालेल्या पाहणीत ४ ते ६ वर्षांच्या सुमारे ३७ टक्के मुलांत ते आढळले. मूल संध्याकाळी किंवा मध्यरात्री रडत उठते, पाय चेपले की शांत होते आणि सकाळी अंगणात बागडू लागते. बहुतेक मुलांत ते कालांतराने आपोआप थांबते.

मग नावावरून वाद कशाला? कारण नाव उच्चारताच आपण कारण सांगितल्यासारखे होते आणि तपासणी थांबते. ‘वाढतं वय आहे, दुखणारच’ हे वाक्य पालक ऐकतात आणि पुढील सहा महिने येत नाहीत. दुखणे सतत एकाच पायात असेल, मूल लंगडत असेल, सकाळीही वेदना किंवा ताठरपणा असेल, सांध्यावर सूज असेल, ताप, फिकटपणा किंवा वजनातील घट असेल, तर या नावाचा आधार घेऊ नये. त्यामागे संधिवात, हाडांचा जंतुसंसर्ग, क्वचित रक्ताचा कर्करोगही असू शकतो. आपल्या देशातून संधिवाताचा ताप आणि त्यापाठोपाठ येणारा हृदयविकार हद्दपार झालेला नाही. ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरताही येथे दुर्मिळ नाही.

आपल्या आज्ज्या म्हणत असत, ‘दिवसभर हुंदडलाय, पाय भरून आलेत.’ अतिश्रमाची ही शक्यता संशोधकांनीही विचारात घेतली आहे. निर्णायक पुरावा अद्याप नाही. तथापि त्या वाक्यात दोन गुण होते : ते मुलाच्या दिवसाकडे पाहत होते आणि त्यासोबत तेलाची वाटी घेऊन कोणीतरी उशाशी बसत होते.

माझी सूचना साधी आहे. मराठी कुटुंबाशी बोलताना ‘वाढीचे दुखणे’ हे भाषांतर सोडून द्यावे आणि ‘रात्रीची पायदुखी’ म्हणावे. हे नाव जे दिसते तेवढेच सांगते. कारणाचा दावा करीत नाही. दोन्ही पाय उघडे करून, सांधे हलवून, मुलाला चालवून पाहावे. आपल्या हातांची खात्री पटल्यावर पालकांना अवश्य धीर द्यावा आणि वर सांगितलेल्या खुणा दिसताच परत येण्यास बजावावे. धीर देणे हे आपले कर्तव्यच आहे. पण तो तपासणीनंतर द्यावयाचा असतो, तपासणीऐवजी नव्हे.