जुन्या गाडीचा ताळेबंद

मराठी मध्यमवर्गीय घरात मोठी गाडी आली ती एकत्र कुटुंबाची गरज म्हणून. १९९४ मध्ये सुमो बाजारात आली, १९९८ मध्ये सफारी, २००० मध्ये क्वालिस आणि बोलेरो, २००२ मध्ये स्कॉर्पिओ, तर २००५ मध्ये इनोव्हा. आजी-आजोबा, दोन भावांचे संसार, वाटेतल्या जेवणाचे डबे आणि लग्नाच्या आहेराच्या पिशव्या एकाच वाहनातून नेण्याची सोय या गाड्यांनी केली. त्या काळात किंवा त्यानंतरच्या काही वर्षांत घेतलेल्या अशा अनेक गाड्या आज पंधरा-वीस वर्षांच्या झाल्या आहेत. मालकांपुढे प्रश्न एकच आहे. गाडीत आणखी पैसा घालावा, की आता ती काढून टाकावी?

या प्रश्नाचे उत्तर बहुतेक घरांत शेवटच्या बिलावरून ठरते. गॅरेजचे बिल पाच-सात हजारांचे असेल तर गाडी 'अजून उत्तम' ठरते. ऐंशी हजारांचा अंदाज हाती पडला की तीच गाडी 'पैसे खाणारी' होते. पण बिलाची रक्कम हा गाडीच्या प्रकृतीचा विश्वसनीय पुरावा नव्हे. दोन कुटुंबांच्या अनुभवांतून ही गोष्ट स्पष्ट होते.

दोन गाड्या, दोन वह्या

पहिली गाडी सोलापूर येथील एका निवृत्त मुख्याध्यापकांची. २००८ साली घेतलेली, डिझेलवर चालणारी, आजवर दोन लाख साठ हजार किलोमीटर धावलेली. मुख्याध्यापकांनी पहिल्या दिवसापासून शंभर पानी वही ठेवली. तारीख, मीटरवरील आकडा, केलेले काम, बदललेला भाग आणि रक्कम असे पाच रकाने. अलीकडच्या तीन वर्षांतील खर्च वहीत पुढीलप्रमाणे आहे : पहिल्या वर्षी २८,००० रुपये, दुसऱ्या वर्षी ९२,००० आणि तिसऱ्या वर्षी २४,०००. एकूण १,४४,०००, म्हणजे वर्षाला सरासरी ४८,०००.

मधल्या वर्षी क्लच, चारही इंजेक्टर आणि पुढच्या चाकांचे सस्पेन्शन अशी तीन मोठी कामे एकदम निघाली. जावयांनी स्पष्टच सांगितले, "बाबा, गाडी विकून मिळतील पावणेदोन लाख, आणि तुम्ही तिच्यात लाखभर रुपये घालताय!" मुख्याध्यापकांनी वही पुढे केली. त्यापूर्वीचा क्लच एक लाख तीस हजार किलोमीटर चालला होता आणि इंजेक्टर तर मूळचेच होते. झिजणारा भाग झिजला, तो बदलला, की विषय काही वर्षांपुरता मिटतो. पुढच्या वर्षीच्या २४,००० रुपयांनी त्यांचे म्हणणे खरे ठरवले.

दुसरी गाडी सांगलीतील एका हळद व्यापाऱ्यांच्या घरची, २०१२ सालची. धावही कमी, जेमतेम एक लाख चाळीस हजार किलोमीटर. तिचा तीन वर्षांचा खर्च अनुक्रमे ३१,०००, ३४,००० आणि ३७,००० रुपये; सरासरी केवळ ३४,०००. नुसते आकडे पाहणारा कोणीही सांगलीची गाडी ठेवावी आणि सोलापूरची विकावी, असाच सल्ला देईल.

परंतु ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ही गाडी दोन दिवस पाण्यात उभी होती. पाणी आसनांपर्यंत चढले होते. पुढे विम्याची रक्कम मिळाली, तेले बदलली, आतील गालिचे काढून वाळवले, आणि गाडी पूर्ववत चालू लागली. दीड वर्षाने डिझेलचा काटा चुकीचे दाखवू लागला. मग एका खिडकीची काच अडकली. मग बॅटरी वारंवार उतरू लागली. प्रत्येक वेळी कोणत्या ना कोणत्या जोडणीवर हिरवट गंज सापडे, ती घासून साफ केली जाई आणि तीन ते आठ हजारांचे बिल होई. एकही बिल घाबरवणारे नव्हते, म्हणूनच घरात कोणी सावध झाले नाही. अखेर रत्नागिरीहून परतताना आंबा घाटात रात्री साडेनऊच्या सुमारास दोन्ही हेडलाइट एकाच क्षणी विझले. गाडीत वृद्ध आई आणि दोन मुले होती. मागून येणाऱ्या ट्रकचालकाने वेळेवर ब्रेक दाबला, म्हणून पुढचा अनर्थ टळला.

दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या म्हणजे फरक दिसतो. सोलापूरच्या वहीत रकमा मोठ्या आहेत, पण तक्रार एकदाच येते. सांगलीच्या वहीत रकमा लहान आहेत, पण तीच तक्रार निरनिराळ्या नावांनी परत परत येते. झीज ही जागच्या जागी असते. गंज आणि बिघडलेले वायरिंग पसरत जाते. झिजेवरचा खर्च पुढची वर्षे विकत घेतो. पसरणाऱ्या दोषावरचा खर्च फक्त पुढची तारीख मिळवून देतो.

त्यामुळे जुन्या गाडीच्या प्रत्येक बिलाला पहिला प्रश्न 'किती?' हा नसून 'हे पूर्वी झाले होते का?' हा असावा. क्लच, शॉक ॲब्सॉर्बर, सस्पेन्शनचे बुश, रेडिएटर, एसीचा कॉम्प्रेसर, टर्बो ही कामे खर्चिक असली तरी संपणारी आहेत. शिडीसारख्या लोखंडी चौकटीवर उभारलेल्या जुन्या मोठ्या गाड्या टिकाऊ मानल्या जातात, त्यामागे हेही एक कारण आहे : बहुतेक भाग सुटा करून बदलता येतो आणि खपाच्या गाड्यांचे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात. मात्र त्या चौकटीलाच गंज लागला असेल, वायरिंग पुराच्या पाण्यातून गेले असेल, किंवा दुरुस्तीनंतरही इंजिन वारंवार तापत असेल आणि तेल पीत असेल, तर खर्चाला अंत राहत नाही.

हिशेब मागचा नको, पुढचा हवा

'वर्षाचा दुरुस्ती खर्च गाडीच्या किमतीच्या निम्मा झाला की गाडी विकावी', असा एक ठोकताळा सांगितला जातो. हिशेबाच्या दृष्टीने तो अपुरा आहे. दुरुस्तीची तुलना जुन्या गाडीच्या विक्री किमतीशी करून भागत नाही. ती तिच्या जागी येणाऱ्या गाडीच्या वार्षिक खर्चाशी करावी लागते.

उदाहरणादाखल अठरा लाखांची नवी गाडी घेऊ. पाच वर्षांनी तिचे नऊ लाख येतील असे धरले, तर घसारा वर्षाला १,८०,००० रुपये. सरासरी साडेतेरा लाख रुपये गाडीत अडकून राहतात. ते स्वतःचे असले तरी ठेवीवरील ७ टक्के व्याज बुडतेच, म्हणजे आणखी ९४,५००. कर्ज काढल्यास हा आकडा वाढतो. विम्याचा वाढीव हप्ता बाजूला ठेवला तरी वर्षाचा भार जवळजवळ पावणेतीन लाख झाला. सोलापूरच्या गाडीवर दुरुस्तीचे ४८,०००, किमतीतील घट सुमारे २०,००० आणि पावणेदोन लाखांवरील व्याज सुमारे १२,००० धरले तर एकूण ८०,००० होतात. वर्षाला पंधरा हजार किलोमीटर धाव धरल्यास जुनी गाडी किलोमीटरला साडेपाच रुपयांच्या आत पडते, तर नवी अठरा रुपयांच्या वर जाते. इंधन दोन्हीकडे वेगळे.

या हिशेबात आधी घातलेले पैसे कोठेही धरलेले नाहीत, आणि ते धरूही नयेत. 'गेल्याच वर्षी टायर घातले, आता कशी विकायची?' हा विचार स्वाभाविक आहे. पण टायरचे पैसे परत येणार नाहीत, गाडी ठेवली तरी आणि विकली तरी. विचार करायचा तो पुढील दोन वर्षांत काय लागेल याचा. विश्वासू मेकॅनिककडून गाडी वर उचलून एकदा पूर्ण तपासून घ्यावी आणि येणाऱ्या कामांची यादी करून घ्यावी. त्या यादीची बेरीज हाच खरा आकडा होय. मुख्याध्यापकांनी त्यासाठी दरमहा चार हजारांची आवर्ती ठेव चालू ठेवली आहे. वर्षाचे ४८,००० रुपये तयार असल्याने मोठे बिल आले तरी घरखर्चाला धक्का लागत नाही.

विमा आणि नोंदणी

जुन्या गाडीच्या विम्याविषयी गैरसमज फार. झीज, यांत्रिक किंवा विजेचा बिघाड यांचा खर्च नेहमीच्या सर्वंकष विम्यात मिळत नाही. तो अपघात, आग, चोरी, पूर अशा घटनांसाठी असतो. घटना घडली तरी पूर्ण भरपाई मिळत नाही. रबर, प्लास्टिक, टायर आणि बॅटरी यांवर ५० टक्के घसारा कापला जातो. दहा वर्षांहून जुन्या गाडीच्या धातूच्या भागांवरही ५० टक्के. पाच वर्षांनंतर गाडीची विमा किंमत कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. हप्ता वाचवण्यासाठी ती फार कमी लावून घेतली, तर तोटा मालकाचाच होतो. कारण दुरुस्तीचा खर्च त्या किमतीच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाला की गाडी पूर्ण नुकसानीत धरली जाते. गाडी विकली तरी दावा न केल्याबद्दलची सवलत मात्र मालकाचीच राहते. ती नव्या गाडीच्या विम्याला जोडून घेता येते.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर परिवहन कार्यालयात गाडी तपासून घेऊन ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी हे शुल्क ५,००० रुपये झाले, आणि वीस वर्षांहून जुन्या मोटारीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ते १०,००० करण्यात आले. महाराष्ट्रात त्याशिवाय पर्यावरण कर भरावा लागतो. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना नवी सुरक्षा नंबरप्लेटही आवश्यक आहे. दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवरील बंदीच्या बातम्या वाचून अनेक जण घाईने गाडी विकतात. ते आदेश, म्हणजे हरित लवादाचा २०१५ चा आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा, दिल्ली व लगतच्या राजधानी परिसरापुरते होते. दलालाने त्यांचा धाक दाखवून भाव पाडला, तर तो मानण्याचे कारण नाही.

जे हिशेबात बसत नाही

पैशाचा हिशेब कितीही अनुकूल असला, तरी काही गोष्टी त्याच्या बाहेर ठेवाव्या लागतात. ब्रेक, स्टिअरिंग, टायर आणि दिवे यांवरचा खर्च पुढे ढकलता येत नाही. टायरची नक्षी शाबूत असली तरी रबराचे वय होते. टायरच्या बाजूवरील चार अंकी आकड्यात आठवडा आणि वर्ष असते. '२३१९' म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, म्हणून धाव कमी असली तरी ते साधारण दोन वर्षांनी बदलावे. आणखी एक त्रुटी दुरुस्तीने भरून निघत नाही. चालकासाठी एअरबॅग नव्या मोटारींत सक्तीची झाली ती जुलै २०१९ पासून. त्यापूर्वीच्या अनेक स्वस्त आवृत्त्यांत ती नाही. अशी गाडी गावातल्या कामांना ठीक. रात्रीच्या महामार्गासाठी घरातील तरुण मुलामुलींच्या हाती ती देताना कुटुंबाने दोनदा विचार करावा.

सांगलीच्या कुटुंबापुढे घाटातील प्रसंगानंतर हाच प्रश्न उभा राहिला. संपूर्ण वायरिंग बदलण्याचा अंदाज सत्तर हजारांचा होता, आणि इंजिनचे नियंत्रण करणारा संगणकही पाण्यात राहिलेला असल्याने मेकॅनिक कसलीच हमी देत नव्हता. एका गिऱ्हाइकाने बाहेरून पाहूनच अडीच लाख देऊ केले. धाकट्या भावाचे मत पडले, की पुराचा विषय आपण होऊन काढायचे कारण नाही. घेणारा पाहून घेतो आहे. थोरल्या भावाने विचारले, "ज्या गाडीत आपल्या आईला बसवायचे नाही, त्या गाडीत दुसऱ्याच्या आईला कसे बसवायचे?"

त्यावर घरात दोन दिवस अबोला होता. तिसऱ्या दिवशी धाकटे बंधू स्वतः कागदपत्रे घेऊन मान्यताप्राप्त वाहन भंगार केंद्रात गेले. पन्नास हजारांच्या आत रक्कम आली. सोबत मिळालेल्या प्रमाणपत्रामुळे नव्या गाडीचे नोंदणी शुल्क माफ होते, ते वेगळे. दोन लाखांचा तोटा वहीत नोंदला गेला. गाडीची नोंदणी रीतसर रद्द करून घेतल्याने तिच्या क्रमांकाचे कोणतेही दायित्व कुटुंबावर उरले नाही.

ज्यांच्या दारात जुनी गाडी उभी आहे, त्यांनी या महिन्यात तीन कामे करावीत. गेल्या तीन वर्षांची बिले शोधून तारखेप्रमाणे एका वहीत उतरवावीत. त्यांत दुसऱ्यांदा आलेल्या तक्रारीखाली रेघ ओढावी. आणि नोंदणी कधी संपते ती तारीख पाहून, तिच्या सहा महिने आधी गाडीची पूर्ण तपासणी करून घ्यावी. रेघा एक-दोनच असतील, तर गाडी निर्धास्त ठेवावी आणि दुरुस्तीसाठी दरमहा ठेव सुरू करावी. पान रेघांनी भरले असेल, तर बिले कितीही लहान असोत, त्या गाडीचा निरोप घेण्याची वेळ झाली आहे.