वही कुणी लिहायची?

गेल्या महिन्यात साताऱ्याला होतो. राजपथावरच्या एका ओळखीच्या दुकानात संध्याकाळी शेंगदाणे घ्यायला गेलो. दुकान गिऱ्हाइकांनी भरलेले. मालक वयाने माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, कष्टाळू आणि सरळमार्गी. पैसे देता देता सहज विचारले, "काय, धंदा कसा चाललाय?" ते म्हणाले, "चांगला चालला असावा, साहेब. आमच्या सीएंना विचारायला पाहिजे." विनोद करावा म्हणून ते असे बोलले नव्हते. खरोखरच त्यांना ठाऊक नव्हते. ज्या दुकानात ते रोज बारा तास उभे असतात, त्या दुकानाने गेल्या महिन्यात काय मिळवले हे सांगणारा माणूस दोन गल्ल्या पलीकडच्या कचेरीत बसलेला होता.

मी ३८ वर्षे बँकेत काढली आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. दोन्हीकडे एकच गोष्ट शिकलो, की माणसाला स्वतःची गोष्ट स्वतःला सांगता आली पाहिजे. व्यापाऱ्याची गोष्ट कीर्द-खतावणीत असते. ती लिहिण्याचे काम त्याने दुसऱ्याकडे सोपवले, याला माझी हरकत नाही. पण ती वाचण्याचे कामही त्याने सोपवून टाकले आहे, आणि त्याची फार मोठी किंमत आपल्याकडचा छोटा व्यापारी मोजतो आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

१९८२ साली मी सांगलीत नोकरीला लागलो, तेव्हा गणपती पेठेतल्या घाऊक दुकानांत लाल कापडी बांधणीच्या लांबट वह्या सर्रास दिसत. छापील रेघा नसत. कागदाला घड्या घालून सळ पाडलेले असत आणि त्या सळांच्या आधाराने आकडे ओळीत बसत. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. इंग्रजी पद्धतीत बाजू बरोबर उलट्या असतात, पण तत्त्व तेच. प्रत्येक रकमेला दोन टोके असतात. कुणाच्या तरी नावे पडल्याशिवाय कुणाचेही जमा होत नाही. लुका पाचोली नावाच्या इटालियन धर्मगुरूने १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात हीच पद्धत सविस्तर मांडली. आमच्या पेठेतल्या दिवाणजींनी त्याचे नावही ऐकलेले नव्हते आणि त्यावाचून त्यांचे काही अडलेही नव्हते. पेशवे दफ्तरातल्या रोजकीर्दींपासून रोजचा व्यवहार रोज लिहिण्याची सवय या मुलखात मुरलेली होती.

सांगलीसारख्या हळदीच्या पेठेत तर वहीवाचून गत्यंतरच नव्हते. हळद हरिपूरच्या पेवांत, जमिनीच्या पोटात, महिनोन् महिने पडून राही. माल पेवात, पैसे उधारीत आणि दोन्हींचा ठावठिकाणा फक्त वहीत. दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या दिवशी वहीची पूजा होई, त्यात श्रद्धेइतकाच व्यवहारही होता. प्राप्तिकरासाठी १९८९ पासून सर्वांचे वर्ष एप्रिल ते मार्च असे एकच झाले आणि दिवाळी ते दिवाळी चालणाऱ्या वह्यांचे दिवस तेव्हापासून सरत गेले.

आता मुद्द्याचे. महिन्याचा हिशेब लिहिल्याने नेमके काय कळते, हे एका साध्या उदाहरणाने सांगतो. समजा, एका किराणा व्यापाऱ्याने महिन्याच्या पहिल्या तारखेला १,००,००० रुपये रोख भांडवल घालून दुकान मांडले. महिन्यात ८०,००० रुपयांचा माल उधारीने घेतला. ५२,००० रुपयांची विक्री रोखीने झाली, ३०,००० रुपयांची उधारीने. भाडे, हमाली, वीज यांपोटी ९,००० गेले. माल देणाऱ्या व्यापाऱ्याला ५०,००० पोहोचते केले. आणि घरखर्चासाठी वेळोवेळी मिळून १२,००० गल्ल्यातून उचलले.

महिनाअखेरीस गल्ल्यात आणि बँकेत मिळून ८१,००० रुपये आहेत. व्यापारी खूश. एका महिन्यात ८२,००० चा माल विकला, घर चालले, भाडे गेले आणि तरी एवढी रोकड शिल्लक! पण रोजकीर्दीतल्या या नोंदी खतावणीत आपापल्या खात्यावर नेऊन तेरीज मांडा. नावे बाजूला रोख ८१,०००, गिऱ्हाइकांकडून येणे ३०,०००, खरेदी ८०,०००, खर्च ९,००० आणि मालकाची उचल १२,०००. जमा बाजूला भांडवल १,००,०००, विक्री ८२,००० आणि व्यापाऱ्याचे देणे ३०,०००. दोन्हीकडे बेरीज २,१२,०००. मेळ बसला. आता दुकानातला शिल्लक माल मोजा. तो खरेदीच्या भावाने १४,००० चा निघाला, तर विकलेल्या मालाची किंमत ६६,००० झाली. विक्रीवर सुटले १६,०००. त्यातून ९,००० खर्च गेला. निव्वळ नफा ७,००० रुपये.

नफा ७,००० आणि घरी नेले १२,०००. म्हणजे हा गृहस्थ महिन्याभरात स्वतःच्या भांडवलातले ५,००० रुपये खाऊन बसला आहे. गल्ल्यातल्या ८१,००० पैकी ३०,००० दुसऱ्याचे आहेत आणि त्याचे स्वतःचे ३०,००० गावात पसरलेले आहेत. गल्ला हे काहीच सांगत नाही. बँकेचे पासबुकही सांगत नाही. मोबाइलवर खणखणणारे जमेचे निरोप तर मुळीच सांगत नाहीत. हे फक्त खतावणी सांगते, आणि तेही दर महिन्याला उघडली तरच. वर्षाअखेरीस कळले तर ५,००० चे ६०,००० झालेले असतात.

हे उदाहरण कल्पित असले, तरी त्यातला माणूस मी पाहिला आहे. साल १९९४ च्या सुमाराचे. कुठली बँक आणि कुठले गाव ते सांगत नाही, कारण चूक माझी होती. एका कापड दुकानदाराच्या कॅश क्रेडिटची फाइल माझ्या टेबलावर होती. करसल्लागाराने टंकलिखित केलेला सुबक ताळेबंद, तीन वर्षे चढता नफा. दर महिन्याला तो साठापत्रक आणून देई. आकडे नेहमी गोल, शेवटी तीन शून्ये. लग्नसराईनंतर दुकानातला माल उतरायला हवा, तो पत्रकात उतरत नसे. मला ते दिसत होते. पण कागद वेळेवर येत होते, व्याज भरले जात होते, आणि मी सही करत होतो.

एके दिवशी तो माझ्यासमोर बसला आणि संकोचाने म्हणाला, "साहेब, माझी नक्की किती उधारी बाहेर आहे, ते तुमच्या फाइलीत असेल ना?" मला काय उत्तर द्यावे सुचेना. फाइलीत आकडा होता, पण तो सल्लागाराने बसवलेला होता, आणि सल्लागाराला तो यानेच अंदाजाने सांगितलेला होता. तिघांपैकी कुणालाच खरे ठाऊक नव्हते. दोन वर्षांत दुकान बंद पडले. राहते घर विकून त्याने बँकेचे पैसे फेडले. तो लबाड नव्हता. मुलीचे लग्न, आईचे आजारपण, सगळे गल्ल्यातून झाले आणि ते त्याच्या उचल खात्यावर कधी चढलेच नाही. आपण भांडवल खातो आहोत हे त्याला कुणी सांगितले नाही. सांगू शकला असता असा एक माणूस होता, आणि त्याने मुकाट्याने सही केली.

याच्या उलट अनुभव ऑगस्ट २०१९ चा. कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेले आणि सांगलीची बाजारपेठ पाण्यात उभी राहिली. माझ्या परिचयाच्या एका घरात सून दुकान सांभाळते. संगणक आहेच, पण सासऱ्यांच्या हट्टामुळे रोजमेळ आणि मालाची नोंद ती हातानेही ठेवते. पाणी चढू लागले तेव्हा तिने आधी वह्या वरच्या मजल्यावर नेल्या, मग कपडे. संगणक बुडाला. पुढे विम्याचा सर्व्हेअर आला, तेव्हा पुराच्या आदल्या दिवशी दुकानात काय आणि किती होते, हे तिला ओळीने दाखवता आले. शेजारच्या काही दुकानांची बिले सल्लागाराकडे सुखरूप होती, विवरणपत्रेही भरलेली होती. पण जुलैअखेरचा साठा कुठेच लिहिलेला नव्हता. माल बुडाला हे सर्वांना दिसत होते. किती बुडाला हे सांगायला कागद नव्हता.

जुन्या वहीचे गोडवे गाताना एक गोष्ट मात्र विसरून चालणार नाही. वही जितकी प्रामाणिक, तितकाच तिचा लिहिणारा. दोन नंबरची वही ही काही संगणकाची देणगी नव्हे. आणि ज्याला वाचता येत नाही, त्याच्यासाठी वही हे हत्यार ठरू शकते. मे १८७५ मध्ये सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली, ती प्रामुख्याने त्यांच्या कागदांवर. कर्जरोखे आणि वह्या जाळणे हाच त्या दंग्यांचा गाभा होता. त्यानंतर १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी दख्खन शेतकरी कायदा आला. त्यात कुळाला पावती आणि हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क दिला गेला. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी सातारच्या शेतकऱ्याचे भांडण नेमके हेच होते, की माझा हिशेब दुसरा लिहितो आणि मला तो दिसत नाही. आज शिकलेला, सुस्थितीतला व्यापारी तीच परिस्थिती आपखुशीने, वर फी देऊन, स्वीकारतो आहे.

कायद्यालाही नियमित लिहिलेल्या वहीचे मोल ठाऊक आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याने व्यवसायाच्या ओघात नियमितपणे ठेवलेल्या वहीतल्या नोंदी ग्राह्य धरल्या, पण तेवढ्यावरून कुणावर देणे लादता येणार नाही, असेही बजावले. २०२४ पासून लागू झालेल्या नव्या साक्ष कायद्यातही ते तत्त्व कायम आहे. जैन हवाला प्रकरणात १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने सुटे कागद म्हणजे हिशेबाची वही नव्हे, असे सांगितले. वहीला बांधणी असते ती उगीच नव्हे. पान फाडले तर दिसते, खोडले तर दिसते. कंपन्यांनी वापरायच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग राहिलाच पाहिजे, अशी सक्ती १ एप्रिल २०२३ पासून झाली. जुन्या दिवाणजींना हा नियम वेगळा सांगावा लागला नसता. चुकलेला आकडा खरवडायचा नाही, आडवी रेघ मारून वर बरोबर आकडा लिहायचा, ही त्यांची पहिली शिकवण असे.

संगणकाशी माझे वैर नाही. आम्ही बँकेत महिनाअखेरीला लेजरचा मेळ घालत रात्र रात्र जागलो आहोत. फरकाला ९ ने भाग गेला, तर आकड्यांची अदलाबदल झाली असेल, ५४० चे ४५० लिहिले गेले असतील. फरकाची निम्मी रक्कम एखाद्या नोंदीत सापडली, तर ती उलट्या बाजूला चढली असेल. असल्या युक्त्या लढवत पहाटेचा चहा घेतलेल्या माणसाला खतावणी आपोआप लिहिणारे यंत्र वरदानच वाटणार. जुलै २०१७ पासून जीएसटी आल्यावर तर त्याला पर्यायच उरला नाही. पण यंत्र मेळ बसवते, अर्थ लावत नाही. वस्तुतः विवरणपत्र हा व्यापाऱ्याने सरकारला दिलेला हिशेब आहे. व्यापाऱ्याने स्वतःला द्यायचा हिशेब वेगळा, आणि तो कुठलाही कायदा मागत नाही. म्हणूनच तो मागे पडला.

तेव्हा माझे सांगणे एवढेच आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुकान दोन तास लवकर बंद करावे. रोख मोजून कीर्दीशी ताडून पाहावी. माल मोजावा, निदान महाग माल तरी. कुणाकडून किती येणे आणि किती महिन्यांचे, कुणाचे किती देणे, आणि घरात किती नेले, या चार याद्या स्वतःच्या हाताने एका वहीत लिहाव्यात आणि खाली सही करावी. घरातल्या बाईमाणसांना आणि मुलांना शेजारी बसवावे. उचल त्यांच्यासाठीच होते, तेव्हा तिचा आकडा त्यांनाही कळू द्यावा. आणि आमच्या सातारा-सांगलीच्या महाविद्यालयांत वाणिज्य शाखेची मुले काल्पनिक दुकानांच्या कीर्दी सोडवून गुण मिळवतात. त्यांना महिनाभर एखाद्या खऱ्या दुकानाची कीर्द लिहू द्यावी. दुकानदाराचा हिशेब होईल आणि मुलांना नावे-जमेच्या मागे माणसे असतात, हे कळेल.

राजपथावरच्या त्या दुकानदारांना मी हे सारे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "साहेब, खरे सांगू? बघायची भीती वाटते." मला त्या कापड दुकानदाराची आठवण झाली. त्याला विचारायचा तरी धीर झाला होता. मी पिशवी काउंटरवर ठेवली आणि म्हणालो, "मग पहिल्या रविवारी मी येतो. दोघे मिळून बघू."