तहान की ताप?

खंडव्याकडून सिमरोलला येताना भेरूघाटाची चढण लागते. सन २०१४ मध्ये जिचे उत्पादन थांबले ती अँबॅसॅडर अशा चढणीवर वाफ सोडू लागली, की ‘गाडीला तहान लागली’ असे म्हणून आपण रेडिएटरमध्ये पाणी ओततो. माझ्या मते ही कारणाकडे केलेली डोळेझाक होय. घाटात भार अधिक व वेग कमी. म्हणून दडलेला दोष तेथे उघडा पडतो, इतकेच.

ताप केव्हा चढतो, हे प्रथम पाहावे. गाडी उभी असता चढत असेल, तर पंखा वा त्याचा सैल पट्टा तपासावा. कारण त्या वेळी वारा पंख्यानेच ओढावयाचा असतो. मोकळ्या रस्त्यावर वेगातही चढत असेल, तर रेडिएटरच्या नळ्यांत साचलेला क्षार, अडकलेला थर्मोस्टॅट किंवा निकामी पंप यांवर संशय घ्यावा. पाणी वारंवार कमी होत असेल, तर गळती शोधावी.

तापलेल्या रेडिएटरचे झाकण मात्र कदापि उघडू नये. दाबामुळे आतील पाणी १०० अंशांपलीकडेही उकळत नाही. झाकण सुटताच ते उसळून अंग भाजते. शिवाय थंड पाण्याने तप्त बिडाला तडा जाण्याचे भय असतेच.

वैद्य आधी नाडी पाहतो, मग औषध देतो. विद्यार्थिमित्रांनो, यंत्रालाही तोच न्याय लावणे, ही खरी शास्त्रीय दृष्टी होय.