पताकेची मागची बाजू

१/
अमेरिकेतील जुन्या क्रीडावस्तूंच्या लिलावांत एक वस्तू हमखास दिसते: लोकरीच्या फेल्टची लांबट त्रिकोणी पताका, म्हणजेच पेनंट. पुढच्या बाजूस संघाचे नाव, एखादे चित्र, क्वचित वर्ष. सोबतच्या वर्णनात लिहिलेले असते, 'दुर्मीळ, १९४० चे दशक, अमुक कंपनीची'. संघाचे नाव कापडावरच असते. पण काळ आणि कंपनी कोणी व कशावरून ठरवली, हे बहुधा लिहिलेले नसते. हा धागा त्या न लिहिलेल्या भागाविषयी आहे.

२/
प्रथम शब्दाविषयी. बेसबॉलमध्ये 'पेनंट' म्हणजे केवळ पताका नव्हे. नॅशनल लीग वा अमेरिकन लीग जिंकणाऱ्या संघाला मिळणारा मान, विजेतेपदाचा ध्वज, यालाही पेनंटच म्हणतात. ३ ऑक्टोबर १९५१ रोजी बॉबी थॉमसनच्या होम रनने न्यूयॉर्क जायंट्सनी ब्रुकलिन डॉजर्सच्या हातून हिसकावून घेतले ते हेच पेनंट. मैदानाबाहेर विकली जाणारी फेल्टची पताका ही त्या मानाची सामान्य प्रेक्षकाला परवडणारी प्रतिकृती.

३/
या पताकांची चाल आधी महाविद्यालयांत रुजली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विद्यार्थी सामन्यांना त्या घेऊन जात आणि खोलीच्या भिंतीवर लावत. फेल्ट निवडण्यामागे व्यवहार होता. हे कापड विणलेले नसते. ओलावा, उष्णता आणि दाब यांनी लोकरीचे तंतू एकमेकांत घट्ट बसवलेले असतात. त्यामुळे कापल्यावर कडेचे धागे सुटत नाहीत, कड दुमडून शिवावी लागत नाही. कारागिराचा वेळ वाचतो, वस्तू स्वस्त होते.

४/
हा आकार खेळापुरता राहिला नाही. मताधिकारासाठी लढणाऱ्या अमेरिकी स्त्रियांनी १९१० च्या दशकात 'व्होट्स फॉर विमेन' लिहिलेल्या अशाच त्रिकोणी पताका मिरवल्या. पर्यटनस्थळांच्या पताका निघाल्या, शाळांच्या निघाल्या. क्रीडापताकेचा निर्माता शोधताना केवळ क्रीडापताका पाहून भागत नाही, त्याचे कारण हे. एखाद्या कारखान्याची ओळख सहलीहून आणलेल्या पताकेवरूनही पटू शकते.

५/
मुख्य अडचण अशी की जुन्या पताकांपैकी बहुसंख्य पताकांवर निर्मात्याचे नावच नाही. घेणारा संघाचे नाव पाहून घेई. कंपनीशी त्याला कर्तव्य नव्हते. शिकागो पेनंट कंपनी, बफेलो शहरातील ट्रेंच मॅन्युफॅक्चरिंग कंपनी अशी काही नावे संग्राहकांना परिचित आहेत. परंतु नाव माहीत असणे आणि हातातील पताका त्याच कंपनीची आहे असे सिद्ध करणे, यांत मोठे अंतर आहे.

६/
ते अंतर कापण्याचा मार्ग पताकेच्या मागच्या बाजूने आणि रुंद कडेने जातो. रुंद कडेला वेगळ्या रंगाच्या फेल्टची उभी पट्टी शिवलेली असते. संग्राहक तिला पताकेचा कणा म्हणतात. तिच्यातून काठीला बांधण्यासाठी फेल्टच्या फिती निघतात. पट्टीची रुंदी, टाक्यांची लांबी, टाके एकेरी की दुहेरी, फितींची संख्या व जागा, ही कारखान्याच्या सवयीची चिन्हे होत. चित्र दर वर्षी बदलता येते. हाताची सवय सहसा टिकते.

७/
दुसरे साधन अक्षरांचे. सुरुवातीच्या पताकांवर अक्षरे वेगळ्या फेल्टमधून कापून शिवलेली आढळतात. पुढे रेशमी जाळीतून रंग उतरवण्याची छपाई आली आणि चित्रे अधिक गुंतागुंतीची झाली. तथापि एक पद्धत संपली त्या दिवशी दुसरी सुरू झाली असे घडत नाही. शिवलेली अक्षरे दिसली म्हणून पताका अमुक वर्षाआधीचीच, असा निष्कर्ष काढता येत नाही.

८/
तिसरे साधन चित्रांचे, आणि ते सर्वांत रंजक आहे. प्रत्येक संघासाठी नवे चित्र काढणे महाग. म्हणून तोच फलंदाज, तेच मैदान, फक्त शहराचे नाव निराळे, अशा पताका निघत. बॉस्टन आणि शिकागो यांच्या पताकांवर एकच फलंदाज, एकाच मापाचा कणा आणि एकाच जातीचे टाके आढळले, तर दोन्ही एकाच ठिकाणी तयार झाल्याची शक्यता बळावते. अशा पताकांचा एक गट बांधता येतो.

९/
पण गट बांधला म्हणजे नाव सापडले असे नव्हे. त्यासाठी गटातील निदान एका पताकेला पक्का आधार हवा: मूळ कागदी चिठ्ठी, व्यापारी सूचिपत्रातील चित्र, विक्रेत्याकडील नमुना. हा आधार मिळेपर्यंत 'अ गट', 'ब गट' एवढेच म्हणणे प्रामाणिक ठरते. बाजाराला मात्र 'अ गट' विकता येत नाही. त्याला नाव लागते. चुकीच्या माहितीचा उगम येथे आहे.

१०/
शिवराईच्या अभ्यासकांना ही पद्धत परकी वाटणार नाही. 'श्री राजा शिव' आणि 'छत्र पति' एवढाच मजकूर असलेल्या असंख्य तांब्याच्या नाण्यांवर टांकसाळीचे नाव नाही. अक्षरांचे वळण, ठिपक्यांची मांडणी, ऱ्हस्वदीर्घाचे भेद यांवरूनच त्यांची प्रतवारी करावी लागते. तेथेही प्रकार ओळखणे आणि टांकसाळ ओळखणे या भिन्न गोष्टी आहेत.

११/
या पद्धतीच्या मर्यादाही मान्य केल्या पाहिजेत. खपणाऱ्या चित्राची नक्कल प्रतिस्पर्धी करू शकतो. एक कारखाना दुसऱ्याकडून माल करून घेऊ शकतो. चिठ्ठीवरील नाव करणाऱ्याचे नसून विकणाऱ्याचे असू शकते. म्हणून एका खुणेवर विसंबू नये. तीन-चार स्वतंत्र खुणा एकाच दिशेने बोट दाखवत असतील तरच नाव घ्यावे.

१२/
कालनिर्णयातही असाच घोटाळा होतो. ह्यूस्टनचा संघ 'कोल्ट .४५ज' या नावाने १९६२ ते १९६४ एवढाच खेळला. 'सिॲटल पायलट्स' केवळ १९६९ चा एक हंगाम. मग पताका त्याच वर्षांतली, असे चटकन म्हटले जाते. वास्तविक नावावरून एवढेच कळते की पताका त्या नावाच्या आधीची नाही. नंतर, अगदी गेल्या वर्षी केलेली असण्यास नावाची हरकत नसते. नाव विषयाचा काळ सांगते. वस्तूचा काळ कापडाला विचारावा लागतो.

१३/
काही पताकांवर त्या हंगामातील सर्व खेळाडूंची नावे छापलेली असतात. कोण संघात आला, कोण गेला हे नोंदींतून पडताळता येते. त्यामुळे यादी केव्हा बनली हे हंगामापर्यंत, कधी महिन्यांपर्यंत सांगता येते. तरीही ही तारीख यादीची असते. जुनी यादी पुन्हा छापता येतेच.

१४/
अतिनील दिव्याची परीक्षा फार लोकप्रिय आहे. कापड उजळ दिसावे म्हणून वापरली जाणारी रसायने दुसऱ्या महायुद्धानंतर सर्वत्र पसरली आणि ती या दिव्याखाली चमकतात. म्हणून चमकणारी पताका नवी, असा समज आहे. परंतु जुने कापड आधुनिक साबणाने धुतले तरी ते चमकते, आणि रसायन न वापरलेले नवे कापड चमकत नाही. ही परीक्षा शंका निर्माण करू शकते, निकाल देऊ शकत नाही.

१५/
उत्तरकाळातील पताकांबाबत हा प्रश्न सौम्य होतो. १९६३ मध्ये अमेरिकी फुटबॉलच्या एनएफएलने एनएफएल प्रॉपर्टीज ही संस्था काढली आणि संघांची नावे व चिन्हे वापरण्याच्या परवान्यांना शिस्त आली. मिनेसोटातील विनोना येथे १९६१ मध्ये स्थापन झालेल्या विनक्राफ्टसारख्या कंपन्यांचा माल अशा परवान्यांच्या युगातला. खरा अंधार आहे तो त्याआधीच्या काळात, आणि सर्वाधिक आत्मविश्वासाने विधाने होतात ती त्याच काळाविषयी.

१६/
यात बिघडते काय? ब्रुकलिन डॉजर्सचे पाहा. १९४१, १९४७, १९४९, १९५२, १९५३ अशा पाच वर्ल्ड सीरिज यांकीजकडून गमावून १९५५ मध्ये हा संघ अखेर जिंकला. १९५७ च्या हंगामानंतर तो लॉस एंजेलिसला गेला, आणि १९६० मध्ये एबेट्स फील्ड पाडण्यास सुरुवात झाली. संघ गेला, मैदान गेले. एखाद्या घराच्या माळ्यावर उरलेले त्रिकोणी फेल्ट हा त्या वस्तीच्या आयुष्याचा पुरावा आहे. खोट्या वर्णनाने तो पुरावा निकामी होतो.

१७/
कृष्णवर्णीय खेळाडूंच्या संघांबाबत धोका अधिक गंभीर आहे. रूब फॉस्टर यांच्या पुढाकाराने १९२० मध्ये कॅन्सस सिटी येथे नीग्रो नॅशनल लीगची स्थापना झाली. या लीगला मेजर लीगचा दर्जा मिळाला तो थेट डिसेंबर २०२० मध्ये. आज या संघांच्या नावाच्या, जुन्या धाटणीच्या नव्या वस्तू बाजारात सहज मिळतात. आदराने केलेल्या प्रतिकृतीत गैर काही नाही. परंतु मूळ वस्तू विरळ असताना प्रतिकृतीलाच मूळ ठरवले, तर ज्यांचा इतिहास एकदा डावलला गेला त्यांच्याच इतिहासात दुसऱ्यांदा भेसळ होते.

१८/
आणखी एक पक्ष विसरला जातो: पताका करणाऱ्यांचा. फेल्ट कापणारे, कणा शिवणारे, जाळीतून रंग ओढणारे हात. त्यांनी स्वतःविषयी लिहून ठेवलेले सहसा हाती लागत नाही. टाका हीच त्यांची नोंद. निर्माता ओळखण्याचे बरेचसे काम हौशी संग्राहकांनी केले आहे, आणि ते संशोधन या नावास पात्र आहे. म्हणूनच संशोधनाची शिस्त त्यांच्याकडून अपेक्षिणे हा त्यांचा अपमान नसून सन्मान आहे.

१९/
ती शिस्त फार अवघड नाही. पुढच्या बाजूइतकेच स्पष्ट छायाचित्र मागच्या बाजूचे, कण्याचे आणि फितींचे घ्यावे. माप लिहावे. पताका कोणाकडून, कोठून आली हे तिच्यासोबत नोंदवावे. धुऊ नये, इस्त्री करू नये, तुटलेल्या फिती 'सुंदर' करून बदलू नयेत. लोकर कसरीपासून आणि रंग उन्हापासून जपावा. कंपनीचे नाव दिले तर कारणे द्यावीत, म्हणजे पुढच्याला ती तपासता येतील.

२०/
आणि कारणे पुरेशी नसतील तेथे 'निर्माता अज्ञात' असे निःसंकोच लिहावे. या दोन शब्दांनी वस्तूची किंमत कदाचित उतरेल, पुराव्याची उतरणार नाही. अज्ञात म्हणून नोंदलेली पताका उद्या एखादी चिठ्ठी सापडताच ओळखता येईल. चुकीचे नाव चिकटलेली पताका मात्र कोणी पुन्हा उलटून पाहणार नाही.