पोस्ट कोणी काढायची आणि कशासाठी?

नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर या बंदविषयी प्रश्न विचारला, तिच्या मैत्रिणीने ती पोस्ट लाइक केली. दोघींनाही अटक झाली. पोस्ट लिहिणारीच्या काकांच्या दवाखान्याची जमावाने मोडतोड केली. अटकेसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66अ वापरले होते.

जानेवारी 2022 मध्ये 'बुल्ली बाई' नावाच्या अ‍ॅपवर शंभराहून अधिक मुस्लिम स्त्रियांची छायाचित्रे टाकून त्यांचा 'लिलाव' मांडला गेला. मुंबई सायबर पोलिसांनी अटक केली ती कॉलेजच्या वयाच्या मुलांना. त्याच्या सहा महिने आधी 'सुल्ली डील्स' या नावाने हाच प्रकार घडला होता, पण तोवर त्यात कोणालाही अटक झाली नव्हती.

एका साध्या प्रश्नाला पोलीस ठाणे दाखवले गेले आणि स्त्रियांच्या उघड विटंबनेला सहा महिन्यांची मोकळीक मिळाली. म्हणून 'सगळे बोलू द्या' एवढे म्हणून भागत नाही आणि 'बंदी घाला' म्हणूनही नाही. काढायचे काय आणि ठेवायचे काय, याची कसोटी हवी.

ती कसोटी सर्वोच्च न्यायालयाने दिली आहे. 24 मार्च 2015 रोजी श्रेया सिंघल खटल्यात कलम 66अ रद्द करताना न्यायालयाने चर्चा, एखाद्या मताचा पुरस्कार आणि चिथावणी यांत फरक केला. चर्चा आणि पुरस्कार कितीही अप्रिय असले तरी त्यांना संरक्षण आहे. बोलणे चिथावणीपर्यंत पोहोचले की कायद्याला हात घालता येतो.

सरकारलाही हीच शिस्त लागू आहे. केंद्र सरकारच्या कामकाजाविषयीचा मजकूर 'खोटा' ठरवण्याचा अधिकार केंद्रानेच नेमलेल्या पथकाला देणारी दुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये रद्द केली. ज्याच्यावर टीका होते त्यानेच निवाडा करायचा, हे न्यायाला धरून नाही.

आता आपल्याकडे पाहू. एखादी मुस्लिम मुलगी तलाक, वारसाहक्क किंवा हिजाबविषयी आपले मत लिहिते. मत आवडले नाही की 'एवढे जण मिळून रिपोर्ट करा' असा मेसेज ग्रुपवर फिरतो आणि तिचे खाते बंद पडते. तिने कोणाला धमकी दिलेली नसते, कोणाविरुद्ध भडकवलेले नसते. पालघरमध्ये जे चुकीचे होते ते इथेही चुकीचेच आहे. 'भावना दुखावल्या' हे कारण आज आपण वापरले, तर उद्या ते आपल्याविरुद्ध वापरले जाताना तक्रार कोणत्या तोंडाने करणार? तिचे म्हणणे पटत नसेल तर उत्तर लिहावे. रिपोर्टचे बटण धमकी, बदनामी आणि हिंसेच्या हाकेसाठी राखून ठेवावे.

ग्रुप चालवणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावे. सदस्याच्या पोस्टबद्दल केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये स्पष्ट केले. पण कायद्याची जबाबदारी नसली म्हणून माणुसकीची संपत नाही. जून 2014 मध्ये फेसबुकवरच्या आक्षेपार्ह चित्रांवरून पुण्यात तणाव पेटला आणि त्या चित्रांशी काहीही संबंध नसलेल्या एका मुस्लिम तरुणाचा हडपसरला जीव गेला. भडकवणारा मजकूर, मग तो 'आपल्या' बाजूचा का असेना, अ‍ॅडमिनने तत्काळ काढावा आणि का काढला तेही ग्रुपवर सांगावे.

तुमच्याविरुद्ध द्वेषाचा मजकूर आला तर लिंक, तारीख आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा. प्लॅटफॉर्मच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. निर्णय पटला नाही तर 30 दिवसांच्या आत तक्रार अपील समितीकडे जाता येते. तुमची पोस्ट विनाकारण काढली गेली तरी हाच मार्ग आहे. धमकी असेल तर थेट सायबर पोलीस गाठा.

आपल्याला बोलायचे स्वातंत्र्य हवे असेल, तर आपल्याला न आवडणाऱ्या माणसासाठीही ते मागावे लागेल. त्याची सुरुवात आपापल्या ग्रुपपासून करू या.